घुर्ये, त्यांचे न ऐकणारे विद्यार्थी आणि आपलं नाशिक

गोदाकाठचा मास्तर | शनिवार, रात्री १०:२०

सिंहस्थाची कामं निघाली की नाशकात दोन जमाती वाढीला लागतात. एक कंत्राटदारांची, दुसरी "यंदा साधूंवर जरा नीट वाचू या" म्हणणाऱ्यांची. मी दुसरीतला. एका स्नेह्यांचा माळा आवरताना १९५३ सालचं 'इंडियन साधूज' हाती लागलं. कडा वाळवीने खाल्लेल्या, पण मजकूर शाबूत. लेखक गो. स. घुर्ये. तीन आठवडे तेच चाललंय आणि घरचे वैतागलेत, म्हणून इथे लिहितो.

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी. गोविंद सदाशिव घुर्ये, जन्म १८९३, मालवण. मूळचे संस्कृतवाले. मुंबई विद्यापीठात १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांनी समाजशास्त्राचा विभाग काढला आणि घुर्यांना शिष्यवृत्तीवर विलायतेला धाडलं. लंडनला हॉबहाउस यांच्या हाताखाली त्यांचं मन रमेना, म्हणून केंब्रिजला मानववंशशास्त्रज्ञ रिव्हर्सकडे गेले. १९२२ मध्ये रिव्हर्स अचानक वारले, तेव्हा उरलेला प्रबंध हॅडन यांच्याकडे पुरा केला. परत येऊन १९२४ ला मुंबईचा विभाग ताब्यात घेतला तो १९५९ ला निवृत्त होईपर्यंत. पस्तीस वर्षं! इंडियन सोशिऑलॉजिकल सोसायटी आणि १९५२ पासून निघणारं 'सोशिऑलॉजिकल बुलेटिन' हीही त्यांचीच उठाठेव. लिहिलं किती आणि कशाकशावर, तर जात, गोत्र, आदिवासी, शहरं, भारतीय वेशभूषा, भरतनाट्यम्, राजपूत वास्तुकला. १९८३ ला गेले.

साधूंच्या पुस्तकातली एक गोष्ट वाचताना मी एकदम २०१५ च्या सिंहस्थात जाऊन पडलो. तेव्हा आम्हा शिक्षकांच्या ड्यूट्या लागल्या होत्या, माझी त्र्यंबकला. एका अखाड्याच्या दारात लाकडी पेटीवर वही ठेवून एक म्हातारे कोठारी बसलेले. येणाऱ्याला तीनच प्रश्न: नाम? गुरु का नाम? मढी? दशनामी म्हणजे शंकराचार्यांच्या परंपरेतले, गिरी-पुरी अशा दहा नावांचे संन्यासी; त्यांच्या बावन्न मढ्या, म्हणजे शाखा, त्यातली तुमची कोणती. गाव नाही, आडनाव नाही, बापाचं नाव नाही. मी भाबडेपणाने विचारलं, "और जात?" कोठारीबाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पाण्याची बाटली उघडून प्यायलाच लागलो. म्हणाले, "साधू की कैसी जात?" आणि दुपारी तिथेच पंगत बसली तेव्हा दंडीस्वामींचं, म्हणजे हाती दंड घेतलेल्या संन्याशांचं, पान वेगळं, चूलही वेगळी.

घुर्ये नेमकं याच फटीत बोट घालतात. संन्यास घेतला म्हणजे जात सुटली हे तत्त्व. पण दशनाम्यांत दंड घेण्याचा अधिकार परंपरेनं ब्राह्मणालाच. तीर्थ, आश्रम, सरस्वती ही नावं एकीकडे आणि गिरी, पुरी दुसरीकडे. जगाला सोडून गेलेल्यांनी जगाची उतरंड सोबत नेली. १९५३ ला लिहिलेलं मी २०१५ ला पाहिलं.

आता माझा मुद्दा. घुर्ये थोर आहेतच, पण त्यांचं सगळ्यात मोठं काम पुस्तकं नव्हेत, विद्यार्थी. एम. एन. श्रीनिवास, इरावती कर्वे, अ. र. देसाई, आय. पी. देसाई, कापडिया, जैन समाजावर काम करणारे विलास सांगवे, सगळे त्यांच्या हाताखालून गेलेले. आणि यातल्या नावाजलेल्यांनी पुढे गुरूचं ऐकलं नाही. मला तर वाटतं म्हणूनच ते नावाजले. पटतंय का?

---

कॉलेजरोडचा कट्टा | शनिवार, रात्री ११:०५

मास्तर, धागा वाचतोय. पण घुर्ये म्हटलं की आमच्या डोक्यात एकच: नाक. एमपीएससीच्या क्लासला पाठ केलेलं. रिस्ले, नाकाची रुंदी भागिले लांबी गुणिले शंभर. पुढचं विसरलो.

---

गोदाकाठचा मास्तर | शनिवार, रात्री ११:३०

पुढचंच तर महत्त्वाचं, कट्टेकर. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त रिस्ले यांचं म्हणणं, जात म्हणजे वंश. नाक जितकं अरुंद तितकी जात वरची, आणि ही उतरंड म्हणे देशभर मोजून दाखवता येते. घुर्यांनी काय केलं, तर स्वतः पट्टी घेऊन न हिंडता रिस्लेचेच आकडे घेऊन पुन्हा मांडले. तो क्रम गंगेच्या खोऱ्यात, म्हणजे तेव्हाच्या संयुक्त प्रांतात, कसाबसा जुळतो. बाकी प्रांतांत, आपल्या मुंबई इलाख्यासकट, कोलमडतो. साहेबाच्याच वहीतून साहेबाची चूक. केंब्रिजचा तो प्रबंध १९३२ ला 'कास्ट अँड रेस इन इंडिया' म्हणून आला. पुढच्या आवृत्त्यांना नावं बदलत गेली, पुस्तक वाढत गेलं.

---

पंचवटीची पोर | रविवार, सकाळी ८:१५

मास्तरकाका, लेख छान, पण एक तारीख तुम्ही सोडून दिलीत आणि तीही नाशकात बसून.

पुस्तक १९३२ चं ना? तेव्हा तुमच्या-माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर काय चाललं होतं? २ मार्च १९३० ला काळारामाच्या दारात सत्याग्रह सुरू झाला, तो पाच वर्षं रेंगाळला, देऊळ काही उघडलं नाही, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी सांगितलं की हिंदू म्हणून मरणार नाही. माझी पणजी सत्याग्रहात होती. पूर्व दरवाजासमोर बसलेली, कडेवर माझे आजोबा. आमच्या घरात "जातीची लक्षणं" कोणाला पुस्तकातून शिकावी लागली नाहीत.

आणि जातीवरचा पहिला शिस्तीचा निबंध म्हणाल तर तो १९१६ चा. कोलंबियात, गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात, २५ वर्षांच्या आंबेडकरांनी वाचलेला. जातीचं मर्म जातीतल्या जातीत लग्न, आणि ते टिकवायला बाईचा बळी: सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह. घुर्यांनी पुस्तकात जातीची सहा लक्षणं दिलीत, त्यांत लग्नाची बंधनं शेवटी येतात, तीही इतर पाचांसारखं एक कलम म्हणून. मी समाजशास्त्रात एम.ए. केलं. वर्गात घुर्ये चार तास, आंबेडकर "विचारवंत" या वेगळ्या पेपरात. समाजशास्त्रज्ञ म्हणून नाहीच. हा प्रभाव कोणाचा, काका?

---

खोडसाळ खडू | रविवार, सकाळी ९:००

+१. झणझणीत.

---

गोदाकाठचा मास्तर | रविवार, दुपारी १:४०

पोरी, मान्य. तारीख सुटली नव्हती, सुचलीच नव्हती. ते जास्त वाईट.

घुर्यांच्या बाजूने एवढंच सांगतो. सहा लक्षणं अशी: समाजाचे तुकडे, उतरंड, रोटीव्यवहाराची बंधनं, नागरी आणि धार्मिक अधिकारांतला भेद, धंद्याची सक्ती, लग्नाची बंधनं. यातलं चौथं लिहिताना ते हात आखडत नाहीत. पेशवाईत महार-मांगांना दुपारी तीननंतर आणि सकाळी नऊच्या आधी पुण्याच्या वेशीत मज्जाव, कारण तेव्हा सावल्या लांब पडतात, हे त्यांनी स्वच्छ नोंदवलंय. पण औषध सांगताना गडबड. जातवार प्रतिनिधित्वाला आणि राखीव जागांना त्यांचा विरोध. त्याने जातीचा अभिमान बळावतो, इंग्रजांनी जनगणनेतून तेच केलं, असा युक्तिवाद. उपाय म्हणून मिश्रविवाहांकडे बोट. म्हणजे आंबेडकर जिथून सुरुवात करतात तिथे हे शेवटी पोचतात, आणि तेही कोणाची गैरसोय न करता!

---

खोडसाळ खडू | रविवार, दुपारी ३:१०

मास्तर, सारवासारव पुरे. मूळ दुखणं वेगळं आहे. घुर्ये पोथीतून समाज बघणारे. वेद, स्मृती, महाकाव्यं उघडायची आणि आजच्या गावाकडे वळायचं. श्रीनिवास यांनी यालाच नाव दिलं, पोथीतला समाज आणि शिवारातला समाज. एम.ए.चा आणि कूर्गवरचा पहिला प्रबंध घुर्यांकडे केला, मग ऑक्सफर्डला रॅडक्लिफ-ब्राऊन आणि इव्हान्स-प्रिचर्डकडे जाऊन तीच माहिती नव्या नजरेने पाहिली. १९५२ चं कूर्गांवरचं पुस्तक ते. आणि १९४८ ला म्हैसूरकडच्या रामपुरा गावात जाऊन राहिले त्यावर तर सगळी हयात निघाली. १९७० मध्ये स्टॅनफर्डला जाळपोळीत टिपणं जळाली, तर माणसाने आठवणीतून गाव लिहून काढलं. वर्चस्वी जात, संस्कृतीकरण (खालच्या जातींनी वरच्यांच्या चालीरीती उचलणं), व्होट बँक हे शब्द आज आपले नगरसेवकसुद्धा वापरतात. घुर्यांचा एक तरी शब्द कोणाच्या तोंडी आहे?

---

गोदाकाठचा मास्तर | रविवार, दुपारी ४:००

शब्दांचं कबूल. पोथीचं निम्मंच कबूल. पुण्याजवळ लोणीकंद आहे. तिथे थॉमस कोट्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८२० च्या सुमारास घरटी माहिती गोळा करून ठेवली होती. घुर्यांनी ते कागद काढून सव्वाशे वर्षांनी त्याच गावात पुन्हा पाहणी लावली. पुस्तक १९६० चं. पोथीपंडिताला हे सुचत नाही. स्वतः तंबू ठोकून राहणारे ते नव्हते, हे खरं. पोरांना मात्र पिटाळायचे. आणि अ. र. देसायांसारखा मार्क्सवादी त्यांच्याकडे भारतीय राष्ट्रवादावर प्रबंध करतो, गुरूला न पटणाऱ्या चौकटीत, आणि पदवी घेऊन बाहेर पडतो. आजच्या गाईडांपैकी किती जण हे चालवून घेतील? (माझ्या गाईडबद्दल मी काही बोलणार नाही, ते अजून हयात आहेत.)

---

वरईचा भात | रविवार, रात्री ९:५०

नेहमी वाचून जातो, लिहीत नाही. आज लिहितो कारण विषय आमच्यावर येणार हे दिसत होतं आणि आला नाही.

मी इगतपुरी तालुक्यातला, महादेव कोळी. घुर्यांचं आमच्या समाजावर एक पुस्तकच आहे. पण त्याआधी १९४३ चं आदिवासींवरचं. नावातच "तथाकथित" शब्द घातलेला. आदिवासींत राहून त्यांच्यावर लिहिणारे इंग्रज अभ्यासक व्हेरिअर एल्विन म्हणत होते की आदिवासींना सावकार-ठेकेदारांपासून लांब ठेवा, संरक्षित मुलूख करा. घुर्ये म्हणाले, हे वेगळे कोणी नाहीतच, हे मागासलेले हिंदू. काही पुरते मिसळलेत, काही अर्धवट, काही डोंगरातच राहिलेत. तेव्हा मिसळू द्या. दोघंही आमच्याबद्दल बोलत होते. आमच्याशी किती, ते सोडा.

आमच्यापुरतं घुर्ये अगदीच चूक म्हणवत नाही. आमच्यात महादेव आहे, खंडेराव आहे, भैरव आहे. पण वाघबारसही आहे. त्या दिवशी गुराखी पोरं रानात वाघ्याला नैवेद्य दाखवतात तेव्हा भटजी लागत नाही. बोहाड्यात मुखवटे निघतात, त्यात गणपती-सरस्वतीसुद्धा येतात. मग आम्ही "मिसळलेले" की ती सोंगं आमच्यात मिसळलेली? पेठ-सुरगाण्याकडच्या कोकणा लोकांना विचारा, तेही हेच विचारतील.

आता पुस्तक आयुष्यात कसं शिरतं ते सांगतो. पोरीच्या इंजिनीअरिंगच्या प्रवेशासाठी जात वैधता काढायची होती. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी नुसतं "कोळी" लिहिलेलं. महादेव पुढे लिहिलं नाही. तेव्हा कोणाला ठाऊक की एका शब्दावर पणतीचा प्रवेश अडकेल! मग दक्षता पथक घरी. आप्तभाव चाचणी, म्हणजे चालीरीती विचारून तुम्ही खरंच त्या जमातीचे का ते बघणं. कुळी कोणती, देव कोणते, लग्नात हळद कोण लावतं, मेल्यावर काय करता. प्रश्न एन्थोव्हेनच्या, म्हणजे मुंबई इलाख्यातल्या जाती-जमातींवर लिहिणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याच्या, काळातल्या पुस्तकांतून उतरलेले. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी आमच्याबद्दल लिहिलं, आणि आज आम्ही त्या लिखाणासारखे आहोत का, याची परीक्षा. पोरगी नाशकात वाढलेली, तिला नागली आणि वरई यातला फरक सांगता येईना. साहेबांनी लिहून घेतलं.

शेवटी साहेब माझ्या आजीकडे वळले. नव्वदीच्या पुढची, पडवीत खुरासणी पाखडत बसलेली. म्हणाले, "आजी, तुमचा पारंपरिक नाच कोणता? थोडा करून दाखवता का?" आजीने सूप खाली ठेवलं नाही. म्हणाली, "आवणीच्या दिसांत कोण नाचतं रं बाबा?"

हे उत्तर रकान्यात बसलं नाही. प्रकरण अडीच वर्षं चाललं. मार्च २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ठाकूर जमातीच्या प्रकरणात सांगितलं की आप्तभाव चाचणी ही काही अंतिम कसोटी नव्हे, आणि प्रत्येक प्रकरणात लावायचीही गरज नाही. आम्हाला त्याचा आधार झाला. पोरीचं एक वर्ष गेलं ते गेलं.

मास्तर, तुम्ही विचारलंत प्रभाव कशात. विद्यार्थ्यांत असेल. आमच्याकडे तो फॉर्ममध्ये आहे.

---

पंचवटीची पोर | रविवार, रात्री १०:३०

दादा, आजींना नमस्कार सांगा. दुसरं काही लिहिता येत नाही.

---

कॉलेजरोडचा कट्टा | रविवार, रात्री १०:४५

अवांतर: पण खोटे दाखले काढणारेही आहेतच की. मग तपासायचं कसं?

---

वरईचा भात | रविवार, रात्री ११:१०

आहेत, आणि त्यांनी जागा खाल्ल्या त्या आमच्याच. तपासू नका कोण म्हणतंय? जुने महसुली कागद बघा, रक्ताच्या नात्यातल्यांच्या वैधता बघा. गंमत अशी की खोटा दाखला काढणारा पुस्तक पाठ करून येतो. देव, कुळी, नाच, सगळं धडाधड सांगतो. अडखळतात ते आमच्यासारखे.

---

फिरतं चाक | सोमवार, सकाळी ७:२०

इरावतीबाईंचं नाव वर एकदा आलं आणि राहूनच गेलं, म्हणून मध्ये पडतो. आम्ही कुंभार, जुन्या नाशकातले.

घुर्ये म्हणतात, खरा व्यवहार पोटजातीत, कारण लग्न तिथे ठरतं. इथवर बाईही सोबत. पण पोटजात आली कुठून? घुर्यांच्या मते मोठी जात फुटली, तुकडे झाले. बाईंचं म्हणणं उलटं: हे गट मुळातच वेगवेगळे होते, एक धंदा म्हणून लोकांनी त्यांना एका नावाखाली आणलं. १९२८ ला चित्पावनांवर एम.ए. केलं ते घुर्यांकडेच, मग बर्लिन, मग १९३९ पासून डेक्कन कॉलेज. मोजमापं घेत, लग्नाच्या याद्या लिहून घेत महाराष्ट्रभर हिंडल्या. १९६१ च्या 'हिंदू सोसायटी'त त्यांनी दाखला दिलाय तो आमचा. थोरचाके आणि लहानचाके.

लोकांना वाटतं हे मोठ्या घरचे नि छोट्या घरचे असं काही असेल. नाही हो, चाकच वेगळं. थोरल्या चाकाला आरे असतात, बैलगाडीच्या चाकासारखं, काठी घालून गरगरा फिरवायचं. लहान चाक म्हणजे भरीव तबकडी. बसायची रीत वेगळी, हात वेगळा, आणि सोयरीक नाही. एकच जात फुटून दोन झाली असती तर चाकं दोन कशी झाली? बाईंचा प्रश्न साधा वाटतो, पण तो विचारायला चाकाजवळ उकिडवं बसावं लागतं.

---

खोडसाळ खडू | सोमवार, सकाळी ९:३०

वा! पण म्हणून घुर्ये पूर्ण बाद होत नाहीत. काही जाती फुटल्याही असतील. स्थलांतराने, भांडणाने, कोणी नवा धंदा धरला म्हणून.

---

फिरतं चाक | सोमवार, सकाळी ९:४०

असतील. ज्यांचं चाक एकच आहे त्यांचं तसं म्हणा.

---

गोदाकाठचा मास्तर | सोमवार, रात्री १०:१५

दिवसभर शाळेत होतो, मधल्या सुट्टीत चोरून वाचत होतो.

वरईवाले दादा, मी प्रभाव म्हणजे मोठी नावं मोजत बसलो होतो. लेखाची सुरुवात आता लिहायची झाली तर तुमच्या आजीच्या पडवीपासून करीन. पण एक ऐका. घुर्यांनी रिस्लेला जे केलं, साहेबाचे आकडे घेऊन साहेबालाच उत्तर, ते तुमच्या लोकांनी घुर्यांच्या पुस्तकाशी करायला हवं. ते पुस्तक आहे, त्यात तेव्हाच्या कुळींची, गावांची, चालीरीतींची माहिती आहे. ती परीक्षकाच्या हातात का राहावी?

पोरी, काळारामाचा पूर्व दरवाजा मी हजारदा ओलांडलाय. पणजींचं नाव कुठे लिहिलेलं आहे का? नसेल तर आजोबांकडून ऐकलेलं तू तरी लिहून ठेव.

आणि चाकवाले भाऊ, ते आऱ्यांचं थोरलं चाक अजून कोणाकडे चालू आहे का?

---

फिरतं चाक | सोमवार, रात्री १०:५०

आमच्याकडे आता विजेचं. थोरलं चाक काकांच्या मागच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलंय, एक आरा मोडलाय. गणपतीनंतर या, तोवर कोणाला मान वर करायला फुरसत नाही. काठी घालून फिरवून दाखवीन. शर्ट जुना घालून या.

---

वरईचा भात | सोमवार, रात्री ११:२०

मीही येतो. आजीला विचारलं पुस्तकाचं. म्हणाली, "त्यात माझ्या माहेरच्या गावाचं नाव आहे का बघ."

मास्तर, महादेव कोळ्यांवरचं ते पुस्तक कोणाकडे मिळेल का? झेरॉक्स चालेल.